साय काढल्यावर दिसलेला दगड : वाड्याच्या दर्शनी भिंतीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजाराच्या रस्त्यावर हा वाडा आहे. घरातली माणसं तो दीडशे वर्षांचा सांगतात. कागद कुठलाच नाही. खालचा मजला काळ्या दगडाचा, वरचा विटांचा, त्यावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दर्शनी बाजू बेचाळीस फुटांची: मधोमध कमानीचा दरवाजा, दोन्ही अंगांना ओटा, दरवाजाच्या आत देवडी. भिंतीची बाहेरची अंगं घडीव चिऱ्यांची, पोटात मात्र गोटे आणि पांढरी माती. आपल्याकडच्या बहुतेक वाड्यांचं असंच असतं. बाहेरून चिरेबंदी, आतून मातीचा भरणा.

२०२२ च्या जानेवारीत रस्ता रुंदीकरणात वाड्याची पुढची नऊ फूट जागा गेली. ओटा, दर्शनी भिंत, कमान आणि देवडीचा अर्धा भाग दोन दिवसांत उतरवला गेला. उतरवला म्हणणं जरा सभ्यपणाचं झालं. जेसीबीच्या दातांनी तो ओढून काढला. घडीव दगडांपैकी जेमतेम दोनशे धड राहिले, बाकीच्यांचे कोपरे गेले. दोन्ही बाजूच्या भिंती तशाच उभ्या होत्या, त्यामुळे समोरून वाडा जबडा उघडल्यासारखा दिसायचा.

मी लातूरला बांधकाम सल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे हे काम फेब्रुवारीत आलं, म्हणजे पाडापाडी उरकल्यावर. यातली सर्वात मोठी चूक त्याआधीच होऊन गेली होती.

अडचण

समोर आरसीसीचे खांब-तुळया घालून विटांची भिंत बांधायची, हे ठरलेलंच होतं. जुन्या पद्धतीची अडीच फूट जाडीची भिंत बांधायला जागाच उरली नव्हती. प्रश्न भिंतीच्या तोंडाचा होता. शेजारच्या दोन्ही भिंती काळ्या दगडाच्या असताना मधल्या भिंतीला काय लावायचं?

घरात तीन मतं होती. थोरले भाऊ निवृत्त शिक्षक, वाड्यातच राहणारे. "होतं तसं दिसलं पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. धाकटे पुण्याला. त्यांना खर्चाचा आकडा आणि तारीख हवी होती. तिसरं मत माईंचं, वय अठ्ठ्याहत्तर. त्या पहिल्या बैठकीत काही बोलल्या नाहीत. उठताना म्हणाल्या, "खाली दगड असू दे. डोक्यावर नको."

माईंचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, त्या माहेरी नव्हत्या. त्यांच्या घरची पाच माणसं होती. त्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या हिशेबाने तो मोठा भूकंप नव्हे. माणसं मेली ती घरांमुळे: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि वर फूट-दोन फूट मातीचं माळवद. भिंतीची दोन अंगं एकमेकांपासून सुटली आणि माळवद खाली आलं. नंतर वाचलेली घरं मजबूत करताना भिंतीला आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरण्याची पद्धत सुचवली गेली. मराठवाड्याच्या दगडी भिंतीत काँक्रीट दगडाच्या जागी बसलं ते तिथं, शोभेसाठी नव्हे.

तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत तो झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात गेला. माईंचं वाक्य मी आधी भावना म्हणून वहीत लिहिलं होतं. घरी येऊन विचार केला तर ती सरळ तांत्रिक अट होती: उंचावर जड, सुटं काही नको.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नवा घडीव दगड. गावापासून पंधरा किलोमीटरवर खदान आहे आणि अजून टाकी, म्हणजे दगडाची छिन्नी, चालवणारे पाथरवट आहेत. त्यांच्यातले एक वयस्क मामा पाहायला आले. त्यांच्या हिशेबाने एका चांगल्या हाताला दिवसाला दोन चिरे, कोपऱ्याचा असेल तर एकच. दीड फूट लांब, नऊ इंच उंच, नऊ इंच जाड असा काळ्या दगडाचा एक चिरा अडुसष्ट किलोच्या आसपास भरतो. वेळ, मजुरी आणि वजन या तिन्हीत हा पर्याय बसत नव्हता. पण मामांना मी तेवढ्यावर परत पाठवलं, ही माझी चूक. पुढे येईलच ते.

दुसरा, यंत्रावर कापलेल्या पातळ दगडाच्या फरश्या चिकटवणं. हे आजकाल सगळीकडे दिसतं. समोरून ठीक, पण कोपऱ्यावर आलं की एक इंचाची जाडी उघडी पडते आणि सगळं सोंग कळतं. शिवाय नुसत्या सिमेंटवर चिकटवलेली फरशी चार उन्हाळ्यांनी पोकळ वाजायला लागते. माईंच्या अटीत ती बसत नाहीच.

तिसरा, प्लास्टरवर रेघा मारून दगडाचा भास आणणं. धाकट्यांचा कल इकडे होता. याला हलकं समजायचं कारण नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा जवळून पाहा: संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. बाकी आत काळा दगड आणि वरून चुन्याचा घोटलेला पांढरा गिलावा. सतराव्या शतकातल्या कारागिरांनीही एका दगडाला दुसऱ्याचं रूप दिलंच. फरक इतकाच की त्यांच्याकडे घोटायला हात होते आणि चुना मुरवायला वेळ होता. सिमेंटच्या प्लास्टरवर खिळ्याने ओढलेली रेघ म्हणजे रेघच राहते.

चौथा पर्याय काँक्रीटचे ओतीव दगड. साच्यात ओतलेला, दोन इंच जाडीचा, मागून स्टीलच्या पिनांनी भिंतीला धरलेला तुकडा. वर सांगितलेल्याच तोंडाचा असा तुकडा साडेबारा-तेरा किलोचा होतो. छज्जा आणि त्याला खालून आधार देणारे हस्त यांच्यासाठी काचतंतूंचं काँक्रीट, म्हणजे जीआरसी. त्याची जाडी अर्धा इंच आणि आतून पोकळ.

काँक्रीटने दगडाची नक्कल करणं आक्रीत आहे, असं थोरल्यांना वाटत होतं. त्यांना मी सांगितलं की सिमेंटचं नावच नकलेतून आलंय. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने पेटंट घेतलं तेव्हा त्याने आपल्या मालाला पोर्टलंड सिमेंट म्हटलं, कारण घट्ट झाल्यावर ते तिकडच्या पोर्टलंड बेटावरच्या इमारती दगडासारखं दिसतं असा त्याचा दावा होता. मास्तरांना ही माहिती आवडली. निर्णय त्यामुळे झाला असं नाही, पण विरोध मावळला.

ठरलं ते असं. जोत्यापासून तीन फुटांपर्यंत वाचलेला खरा दगड, चुन्यात. त्यावर छज्ज्यापर्यंत ओतीव दगड. छज्जा आणि हस्त जीआरसीचे. माईंची रेघ जिथं होती तिथंच आम्ही सामान बदललं.

पहिली खेप

कंत्राटदाराने नमुना आणला तो पाहून सगळेच खूश झाले. कुळकुळीत काळा, गुळगुळीत, कडा धारदार. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. वाड्याचा दगड कुळकुळीत काळा नव्हताच. कोरडा असताना तो राखाडी, त्यात तपकिरी झाक आणि मधूनमधून पांढरे ठिपके. काळा दिसायचा तो फक्त पावसात. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो आणि मग डोळ्यांनाही तो काळाच दिसतो.

एप्रिल-मे २०२२ मध्ये साठ तुकडे ओतले. साचे प्लास्टिकचे, तीन. सिमेंट सढळ हाताने, त्यात फरशीवाले वापरतात ती काळी पावडर. पाणी वाड्यातल्या बोअरचं. वर गोणपाट टाकून तीन दिवस पाणी मारलं. पारा बेचाळीसला होता, गोणपाट दुपारपर्यंत कडकडीत व्हायचं. डावीकडच्या भागात हे तुकडे बसवून पाहिले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस पडला. भिंत वाळली तेव्हा तिच्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. लोणा फुटला होता. कंत्राटदाराने आठ तुकडे पातळ ॲसिडने धुतले. आठवडाभर बरे दिसले, पुढच्या पावसाने पुन्हा पांढरे. दिवाळीपर्यंत उरलेला काळा रंगही डागाडागांनी उतरून सिमेंटी झाला. जवळून पाहिलं तर केसासारख्या भेगांची जाळी.

आणखी एक गोष्ट थोरल्यांच्या नातवाने पकडली. वय वर्षं नऊ. समोर उभा राहून म्हणाला, "आजोबा, हा टवका उडालेला दगड तिथंपण आहे. आणि तिथंपण." तीन साचे म्हणजे तीन चेहरे. एकदा दिसल्यावर ते दिसायचं थांबेना.

काय चुकलं होतं

लोणा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण याला सर्रास सिमेंटचा खोटेपणा समजलं जातं. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना मोकळा चुना तयार होतो. पाणी आत शिरतं, तो चुना विरघळवून पृष्ठभागावर आणतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा पांढरा थर होतो. सगळ्याच काँक्रीटमध्ये हे थोडंफार चालतं. राखाडी भिंतीवर लक्षात येत नाही, काळ्यावर मात्र खडूच्या रेघेसारखं उठून दिसतं. सिमेंट जितकं जास्त तितका मोकळा चुना जास्त. त्यात बोअरच्या पाण्यातले क्षार. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, सल्फेट ४०० च्या आत. आम्ही पाणी तपासलं ते लोणा फुटल्यावर. सल्फेट मर्यादेच्या वर होतं.

रंगाचं कारण वेगळं. ती पावडर काजळीच्या जातीची होती. तिचे कण सिमेंटच्या कणांपेक्षा फार बारीक असतात, पावसासोबत हळूहळू धुऊन जातात. बाहेरच्या कामाला लोहाचा काळा ऑक्साइड लागतो. तो उन्हापावसात टिकतो. भेगांना जादा सिमेंट आणि वैशाखातली ओतणी या दोन्ही गोष्टी जबाबदार होत्या. आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवायला सांगतं, कोरड्या-गरम हवेत दहा. आम्ही तीन ठेवलं.

निर्णयाचा क्षण

कंत्राटदाराचा तोडगा होता काळा लेप. दगडाच्या पॉलिशसारखं काहीतरी, तीन वर्षांची हमी. खर्च कमी, काम आठवड्याचं. धाकटे फोनवर तयार झाले. खरं सांगायचं तर मीही तयार झालो होतो. साठ तुकडे फेकायचे म्हणजे माझ्याच सल्ल्यावर पाणी.

त्याच दिवशी ते वयस्क पाथरवट मामा दुसऱ्या कुठल्या मजुरीच्या हिशेबासाठी गावात आले होते. वाड्यापाशी थांबले. भिंत पाहिली आणि म्हणाले, "साहेब, दगड करायलाव का दगड रंगवायलाव?"

मी काही बोललो नाही. त्यांनी पिशवीतून टाकी काढली, बाजूला पडलेला एक तुकडा मांडीशी घेतला आणि हलक्या हाताने पाच-सहा घाव घातले. वरची गुळगुळीत कातडी उडाली. खाली निळसर राखाडी खडी दिसली. तीच, वाड्याच्या दगडाची. असणारच, कारण खडी त्याच खदानीच्या क्रशरची होती. "साय काढा," मामा म्हणाले, "आत दगडच हाय की."

इतके महिने आम्ही सिमेंटच्या सायीला रंग देत होतो आणि साठ टक्क्यांहून जास्त अस्सल बसाल्ट, म्हणजे हाच काळा दगड, असलेला माल त्या सायीखाली झाकून ठेवला होता. मी शिकलेला माणूस, ओतीव दगडाची साय काढावी लागते हे पुस्तकात वाचलेलंही होतं. पण ते वाचलेलंच होतं.

लेपाचा बेत त्या संध्याकाळी रद्द केला. साठही तुकडे काढून मागच्या परसात फरसबंदीला वापरले.

दुसरी खेप

हिवाळ्याची वाट पाहिली. नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३. धाकट्यांना हा उशीर पटला नाही आणि त्यांची नाराजी रास्त होती, कारण भाड्याच्या दुकानाचं उत्पन्न बंद होतं.

मिश्रण बदललं. सिमेंट कमी केलं आणि त्यातला पाव हिस्सा राखेचा. परळीचं औष्णिक वीज केंद्र जवळ असल्याने उडती राख सहज मिळते. राख मोकळ्या चुन्याला धरून ठेवते, त्यामुळे लोणा घटतो, आणि रंगही थोडा गडद होतो. तोटा असा की थंडीत ती घट्ट व्हायला वेळ लावते. सुरुवातीला आम्ही चोवीस तासांनी साचा सोडला तर कोपरे हातात आले. मग अठ्ठेचाळीस तासांवर गेलो. वाळू नदीची नाही, क्रशची, बसाल्टचीच, धुऊन घेतलेली. खडी दहा आणि सहा मिलिमीटरची. क्रशरवाल्याकडून चपटे तुकडे वेगळे काढून घेतले, कारण चपटी खडी टाकी लागली की सालीसारखी निघते. लोहाचा काळा ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या फक्त दीड टक्का, आणि त्यात चिमूटभर तपकिरी. रंग खडीने द्यायचा, पावडरीने नुसता बांध घालायचा.

पाण्यावर सर्वात जास्त चर्चा झाली. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात भिंतीच्या शोभेसाठी चौदा दिवस पाणी मारत बसायचं, हे थोरल्यांना मनापासून पटत नव्हतं. त्यांचं चुकत नव्हतं. मग तुकडे सावलीत रचून ओल्या गोणपाटावर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला. दिवसाआड शिंपडण्यापुरतं नळाचं पाणी. चौदा दिवसांत जेवढं पाणी लागलं ते पहिल्या खेपेच्या तीन दिवसांपेक्षा कमी होतं.

साचे वाड्याच्याच दगडांचे घेतले. वाचलेल्या चिऱ्यांतून चौदा निवडले, त्यांच्यावर सिलिकॉन रबर ओतून छाप काढले, मागून फायबरचा आधार दिला. हे महाग पडलं. अंदाजपत्रकातली ही एक ओळ पाहून धाकट्यांनी तासभर वाद घातला. सहा साच्यांत भागेल, असं त्यांचं म्हणणं. तडजोड म्हणून दहा सुचवले गेले. इथं थोरले पहिल्यांदाच ठाम राहिले, नातवाचं वाक्य त्यांना लागलं होतं.

पण चेहरे वेगळे झाले ते खरे टाकीने. मामा आणि त्यांचे दोन भाचे बसले. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी एकेक तुकडा टाचून पाहिला. सातव्या दिवशी खडी उखडून येत होती. चौदाव्याला काही येत होती, काही कापली जात होती. एकविसाव्याला खडी तुटत होती पण सुटत नव्हती. तोच दिवस धरला. कडेपासून पाऊण इंच सोडून आतच घाव घालायचे, नाहीतर कोपरा जातो, हे मामांनी न विचारता केलं. मग लक्षात आलं की वाड्याच्या जुन्या चिऱ्यांनाही कडेने तशीच पट्टी आहे. मी ती आजवर नक्षी समजत होतो.

दिवसाला दोन चिरे घडवणारे हात इथं दिवसाला पंचवीस-तीस तुकडे टाचत होते. मामांना हे काम कमी दर्जाचं वाटेल अशी मला धास्ती होती. विचारलं तर म्हणाले, "मऊ हाय. पण खोटं वाजत नाही."

नमुन्याची भिंत या वेळी वेगळ्या रीतीने पाहिली. वीस फुटांवरून, सकाळी आणि दुपारी, आणि निम्म्या भागावर पाणी ओतून. ओला तुकडा ओल्या दगडाशी जुळतो का हे महत्त्वाचं, कारण पहिल्या खेपेचा काळा रंग कोरड्या दगडाशी कधी जुळलाच नव्हता.

बसवणी आणि कमान

खालचे तीन फूट खऱ्या दगडाचे, मुरवलेल्या चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून. वरचे तुकडे प्रत्येकी दोन स्टेनलेस स्टीलच्या पिनांवर, मजल्याच्या पातळीला लोखंडी कोन देऊन त्यावर भार घेतलेला. साध्या सळईच्या पिना कंत्राटदाराने आणल्या होत्या. त्या परत पाठवल्या. दोन इंचांच्या तुकड्यात गंज धरला की तो फुगतो आणि तुकडा फोडतो. सांधे जाडसर ठेवले, चुना-सिमेंट-वाळूचे, रंग न घालता. जुन्या भिंतीचे सांधेही फिकेच होते.

जीआरसीचा छज्जा पुण्याच्या एका कारखान्यातून आला. हस्तांपैकी दोन वाटेत तडकले. बाकी सुरळीत.

कमानीचं मात्र जमलं नाही. मूळ कमान अकरा दगडांची होती. पाडताना त्यांना क्रमांक घातले नव्हते. कमानीचा प्रत्येक दगड आपापल्या जागेपुरता घडवलेला असतो, ढिगाऱ्यातून ती जुळवणी पुन्हा लागली नाही. एक डबा रंग आणि अर्धा दिवस, एवढ्यात वाचण्यासारखी गोष्ट होती ती. फक्त मधला, कमळ कोरलेला दगड धड सापडला. थोरल्यांना तो पुन्हा कमानीच्या माथ्यावर हवा होता. माईंची अट आडवी आली. शेवटी तो देवडीत, डोळ्यांच्या उंचीवर भिंतीत बसवला. तिथं तो आधीपेक्षा नीट पाहता येतो, असं मी थोरल्यांना सांगितलं. ते हसले, पटलं असं काही दिसलं नाही.

दरवाजावर आरसीसीची सरळ तुळई आहे आणि तिच्यावर ओतीव दगडांची कमान नुसती टांगलेली. भार घेत नाही. बाकीच्या भिंतीवर मला काही वाटत नाही. भिंतीचं अंग आहे, अंगासारखं वागतं. कमानीचं काम भार वाहण्याचं, आणि ही ते करत नाही. अजूनही समोरून जाताना माझी नजर तिथं अडकते.

नव्या-जुन्यात फरक कळावा की नाही, यावरही बोलणं झालं. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिसच्या जाहीरनाम्यात म्हटलंय की बदललेला भाग एकूण वास्तूशी मिळताजुळता असावा, पण मूळ भागापासून ओळखता यावा. आमच्यावर ते बंधनकारक नव्हतं, वाडा काही संरक्षित स्मारक नाही. असता तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून एक दगडही हलवता आला नसता. खऱ्या दगडाच्या वरच्या रांगेतल्या पहिल्या ओतीव तुकड्यावर मामांनी २०२३ कोरलं. थोरल्यांची इच्छा नव्हती. माई म्हणाल्या, कोरा.

आजची स्थिती

अक्षय्यतृतीयेला २०२३ मध्ये काम संपलं. त्या वर्षीचा पावसाळा कोरडाच गेला, त्यामुळे भिंत स्वच्छ राहिली याचं मला कौतुक वाटलं नाही. खरी परीक्षा २०२५ च्या सप्टेंबरात झाली, मराठवाड्यात शेतं वाहून गेली त्या पावसात. त्यानंतर पाहिलं तर लोणा दोन ठिकाणी, दोन्ही पन्हाळीखाली, तळहाताएवढा. तिथं पन्हाळ भिंतीपासून पुरेशी पुढे काढली नव्हती. तो दोष नळकामाचा, मिश्रणाचा नाही.

एका मोटारसायकलच्या हँडलने ओतीव दगडांच्या खालून दुसऱ्या रांगेतल्या तुकड्याचा टवका उडवला. कुठून उडाला ते शोधावं लागलं, आत-बाहेर माल एकच असल्याने जखम दिसत नाही. लेप दिला असता तर पांढरा घाव दिसला असता.

फरक कळतो का? कळतो. ऊन तिरपं असताना खरा दगड थोडा तकाकतो, ओतीव तसाच मंद राहतो. खऱ्या दगडावर हात ठेवला तर तो जास्त वेळ थंड लागतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे कळत नाही, घरच्यांना कळतं, आणि त्यांची त्याला हरकत नाही.

खर्च नव्या घडीव दगडाच्या अंदाजाच्या दोन तृतीयांशावर गेला. पहिली खेप वाया गेली नसती तर निम्म्याच्या थोडा वर राहिला असता. मूळ अंदाजपत्रकात टाकीची मजुरी नव्हतीच.

पुन्हा करायचं झालं तर

पाडापाडीच्या आधी प्रत्येक दगडाला रंगाने क्रमांक आणि प्रत्येक रांगेचा फोटो. मला उशिरा बोलावलं ही सबब खरी आहे, पण रुंदीकरणाच्या खुणा आधी कित्येक महिने भिंतीवर होत्या. गावातल्या इतर दोन वाड्यांना मी तेव्हाच फोन करायला हवा होता.

पाण्याची तपासणी पहिल्या दिवशी. मूठभर पैशांचं काम.

नमुन्याची भिंत एक पावसाळा उभी ठेवून मगच कंत्राट. हे बोलायला सोपं, घरमालकाला पटवायला अवघड. निदान रोज पाणी मारून वाळवण्याची महिनाभराची चाचणी तरी करावी. लोणा त्यात बहुतेक दिसतो.

पाथरवटाला नमुना ठरवतानाच बसवायचं. मी त्यांना दगडाचा दर विचारला आणि दर परवडत नाही म्हणून सोडून दिलं. दगडाबद्दल काही विचारलंच नाही.

कमानीच्या जागी सरळ, साधी, उघडी तुळई ठेवावी असं मी आज सुचवेन. थोरले ऐकतील की नाही ते वेगळं.

जादा तुकडे वीस तरी करून ठेवावेत. आम्ही आठ ठेवले, त्यातले तीन आत्ताच वापरले गेले.

रबराचे चौदा साचे माळवदावरच्या खोलीत आहेत. मागच्या महिन्यात रस्त्यापलीकडच्या वाड्याचे मालक ते मागायला आले होते, त्यांचीही पुढची बाजू गेलीय. थोरल्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, मिश्रणाचा कागद द्या, मामांचा नंबर द्या, साचे नका देऊ. समोरासमोर दोन भिंतींवर तेच चौदा दगड दिसले तर ते पोरगं पुन्हा मोजायला उभं राहील. मालक जरा नाराज होऊन गेले. चार दिवसांनी रिक्षात घालून आपल्या पडक्या भिंतीतला एक चिरा घेऊन आले, आणि साचा कोण काढतो ते विचारलं.